तेलगळती : यंत्र किती तेल उचलेल?

समुद्रावरचे तेल गोळा करणाऱ्या स्किमरच्या पाटीवर ‘तासाला इतके घनमीटर’ असे लिहिलेले असते. ते पंप किती द्रव ओढतो याचे माप. त्यात पाणीच जास्त असू शकते. म्हणून अमेरिकी नियमांत पाटीवरच्या क्षमतेला २४ तासांनी गुणून त्यातले २० टक्केच हिशेबात धरतात. तासाला ५० घनमीटरचे यंत्र दिवसाला १,२०० नव्हे, २४० घनमीटर तेल उचलेल, असे मानायचे. हाही अंदाज उदारच. अंधारात तवंग दिसत नाही, टाकी भरली की काम थांबते, आणि आडवा प्रवाह साधारण ०.७ नॉटच्या वर गेला की तेल अडवून धरणाऱ्या तरंगत्या कुंपणाखालून (बूम) ते निसटू लागते.

प्रत्यक्ष गळतीत काय होते ते पाहा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. ऐन पावसाळा. तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरमधून तवंग फोडणारी रसायने फवारली, तरी तेल खारफुटीपर्यंत पोचलेच. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात झालेल्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या फलाटावरील गळतीत, मोठा ताफा असूनही, अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार स्किमरनी जेमतेम ३ टक्के तेल उचलले.