झाडछाटणीची कामं घेताय? आधी मिनी ट्रॅक्टर बघा 🚜

नाशिककरांनो, पिकअप की ट्रॅक्टर? माझं मत: द्राक्षबागेत चालतो तो 24 ते 30 एचपीचा फोर-व्हील-ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर. अरुंद गेटातून आत जातो, चिखलातही निभावतो.

▪️ ट्रॉली: ओंडके, फांद्या वाहायला
▪️ पीटीओवरचा चिपर: फांद्यांचा जागेवरच चुरा, खेपा वाचतात
▪️ ऑगर: नव्या रोपांसाठी खड्डे

चिपर निवडताना ट्रॅक्टरचा पीटीओ एचपी बघा. तो इंजिनाच्या एचपीपेक्षा कमीच असतो. फांदी अडकली तर आधी इंजिन बंद, मगच हात.

एप्रिल-ऑक्टोबरच्या बागछाटणीत हाच ट्रॅक्टर श्रेडर लावून काड्यांची कुट्टीही करतो.

आणि शहरात झाड तोडायचं असेल, तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी आधी हातात घ्या!