पडद्यावरील भयानक रस

रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं घरांतील मुलांनीं दिवे मालवावे, एकमेकांस बिलगून एखादा भुताखेतांचा चित्रपट लावावा, आणि पलीकडच्या खोलींतून आजोबांनीं "हा कसला शौक?" म्हणून विचारावें, हा प्रकार आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. आजोबांचा प्रश्न रास्त आहे. व्यवहारांत ज्या भयापासून आपण चार हात दूर राहतों, तेंच भय पदरचे पैसे मोजून कां विकत घ्यावें?

या प्रश्नास आपल्याकडे फार जुनें उत्तर आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांत भयानकास स्वतंत्र स्थान दिलें. त्याचा वर्ण कृष्ण आणि देवता काल. पुढें अभिनवगुप्तानें या रसाचें उदाहरण निवडलें, तें स्मशानाचें किंवा पिशाचाचें नव्हे, तर शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील हरिणाचें. मागून रथ येत आहे, आणि जीव घेऊन धांवणारें तें हरीण मान वळवून वळवून त्याजकडे पाहत आहे. तें भय ना केवळ हरिणाचें राहतें, ना आपलें. स्थलकालाचीं बंधनें सुटलेलें भय आपण आस्वादितों. आम्ही संस्कृत शिकवीत असतां हा श्लोक आला, कीं वर्गांतील अत्यंत द्वाड मुलगाहि क्षणभर स्तब्ध होई. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं कवीनें बाण लागलेला दाखविलेला नाहीं. तो आतां लागेल, एवढेंच दाखविलें आहे.

चांगला भयपटहि हेंच करतो. कॅमेऱ्याचें काम दाखविण्याचें, अशी आपली समजूत. परंतु भयपटांत त्याचें पहिलें काम लपविण्याचें असतें. मुर्नाव यांच्या 'नॉस्फेराटू' या १९२२ च्या जर्मन मूकपटांत जिना चढून जाणाऱ्या रक्तपिपासूची नुसती सावली भिंतीवर दिसते, आणि ती त्याच्या प्रत्यक्ष रूपाहून अधिक भेडसावते. प्रकाश-छायेची हीच जर्मन विद्या जोसेफ विर्शिंग या छायाचित्रकारानें मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमध्यें आणिली. कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९) त्यानेंच चित्रित केला. ओसाड हवेली, अर्धवट उजेड, झोपाळ्यावर झुलणारी एक स्त्री. आणि शेवटीं पाहावें तों भूत नाहींच, आहे ती माळ्याची मुलगी! त्यांतील 'आयेगा आनेवाला' या गीताच्या वेळीं लता मंगेशकरांनीं मायक्रोफोनपासून दूर उभें राहून गात गात जवळ यावें, अशी युक्ति योजिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. आवाज जवळ येतो, गाणारी मात्र हातीं लागत नाहीं.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग' (१९८०) मध्यें अंधारहि नाहीं. हिवाळ्यांत ओस पडलेलें एक मोठें हॉटेल, लखलखीत दिवे, आणि लांबच लांब बोळांतून तीनचाकी सायकल फिरविणारें एक लहान मूल. कॅमेरा जमिनीलगत राहून त्याच्या मागोमाग सरकत जातो. गॅरेट ब्राऊन यांनीं शोधून काढलेल्या स्टेडिकॅम नांवाच्या उपकरणामुळें तो लवभरहि हिंदकळत नाहीं. सायकल गालिच्यावर आली कीं चिडीचूप. लांकडी जमिनीवर उतरली कीं खडखडाट. पुन्हां गालिचा, पुन्हां सामसूम. प्रत्येक वळणावर आपण श्वास रोखतों. मुलाच्या पाठीमागून इतक्या शांतपणें चाललें आहे तें कोण? कोणी नाहीं. आपणच.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर भरतमुनींची भयानकाच्या विभावांची यादी वाचकांनीं अवश्य पाहावी. विकृत ध्वनि, पिशाचदर्शन, कोल्हे, घुबडें, ओसाड घर, अरण्य. आणि या यादींत पहिला मान आहे तो ध्वनीचा. डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. स्पीलबर्ग यांच्या 'जॉज' (१९७५) ची गोष्ट या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. त्यासाठीं केलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत वारंवार बिघडूं लागला, म्हणून दिग्दर्शकास तो फारसा दाखवितां येईना. त्याची जागा जॉन विल्यम्स यांच्या दोन स्वरांनीं घेतली. खर्जांतले ते दोन स्वर आलटून पालटून, आधीं सावकाश आणि मग भराभर वाजूं लागले, कीं पाण्यांत कांहीं दिसत नसतांहि प्रेक्षक पाय वर ओढून घेतो. मध्येंच दोन वात्रट पोरें पुठ्ठ्याचें खोटें कल्ले पाठीवर घेऊन पोहतात. किनाऱ्यावर हलकल्लोळ होतो, पण ते स्वर कांहीं वाजत नाहींत. स्वर नाहींत तर शार्क नाहीं, हा नियम आपण नकळत शिकतों. आणि मग एके प्रसंगीं, पोलीस अधिकारी नावेवरून पाण्यांत आमिष टाकीत असतां, तें प्रचंड धूड एकाएकीं डोकें वर काढतें. एकहि स्वर न वाजतां! शिकविलेला नियम मोडून भिवविणें, ही अव्वल दर्जाची चलाखी होय.

याउलट नुसतें दचकविणें सोपें. 'कॅट पीपल' (१९४२) या अमेरिकन चित्रपटांत रात्रीं एकटी चाललेली एक बाई मागून येणारीं पावलें ऐकते. पावलें थांबतात. श्वापदानें फिस्कारावें तसा आवाज होतो, आणि ती निघते समोर येऊन थांबलेली बस. त्यावरून अशा धक्क्यास त्या धंद्यांत 'बस' हेंच नांव पडलें. तेथें त्या धक्क्याआधीं दबलेल्या पावलांची तयारी होती. ती तयारी न करितां दर पांच मिनिटांनीं ठणाणा करणारे चित्रपट आम्हांस तरी पाहवत नाहींत. कानाजवळ पत्र्याचा डबा बडविण्यास कसली आली आहे कला?

परंतु कॅमेरा व ध्वनि यांचें भय दिवा लावला कीं ओसरतें. प्रतीकाचें तसें नाहीं. राज खोसला यांच्या 'वह कौन थी?' (१९६४) मध्यें पावसाळी रात्रीं मोटारीपुढें एक पांढऱ्या साडींतली स्त्री उभी राहते. शेवटीं तोहि माणसांनीं वारशासाठीं रचलेला कट निघतो. पण नक्कल करणाऱ्यांनीं कट सोडून दिला आणि साडी तेवढी उचलली. ती पांढरी साडी कोणाची, याचा आमच्या भगिनींनीं विचार करावा. उत्तर हिंदुस्थानांत व बंगाल्यांत तें विधवेचें वस्त्र. आपल्याकडे तिला तांबडें आलवण नेसवीत. जिला मंगलकार्यांतून दूर ठेविलें, सकाळीं जिचें तोंड दिसूं नये म्हटलें, तिचेंच वस्त्र पडद्यानें भुताला दिलें. चित्रपट संपल्यावर मूल निजतें. सकाळीं त्याच घरांत पांढरें पातळ नेसलेली आजी त्याच्यापुढें दुधाचा पेला धरते. हें भय रस राहत नाहीं, संस्कार होतें. मुलांनीं भयपट पाहावा कीं न पाहावा यापेक्षां, तो कोणाचें भय शिकवितो, हें वडिलांनीं पाहावें, असें आमचें मत आहे.

प्रतीक दुसऱ्या रीतीनेंहि योजितां येतें. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हिंदी असला, तरी वातावरण, घर, माणसें सारीं महाराष्ट्रांतील ब्राह्मण कुटुंबाचीं आहेत. अखंड कोसळणारा पाऊस, ओल धरलेल्या भिंती, आणि विहिरीच्या तळाशीं तांबड्या मांसल भिंतींचें देवीचें गर्भाशय. तेथें हस्तर नांवाचा शापित देवपुत्र सोन्याच्या मुद्रा सांभाळून बसला आहे. तो भुकेला आहे अन्नाचा, म्हणून त्याच्यापुढें टाकतात ती कणकेची बाहुली. स्वयंपाकघरांतील रोजची कणीक अशी भेसूर झालेली आम्हीं दुसरीकडे पाहिली नाहीं. त्या घरांतहि साखळीनें बांधलेली एक भयाण म्हातारी आहे खरी; परंतु चित्रपट भयाचें मूळ तिच्यांत दाखवीत नाहीं. म्हातारी जळून जाते, हस्तर तळाशींच राहतो, आणि तरीहि एक देखावा आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं: उजेडांत, धडधाकट बाप आपल्या पोराकडून विहिरींत दोर धरून उतरण्याचा सराव करून घेत आहे, आणि पोर मन लावून शिकत आहे.