घड्याळ कुणाचे, लढत कुणाची?

रमजानमध्ये सगळे घर घड्याळावर चालते. पहाटेची सेहरी कधी संपते, इफ्तार किती वाजता, हे लहान मुलांनाही पाठ असते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्येही वेळ बघावी. लढत कुणासाठी आहे, ते तिथेच कळते.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन रिंगमध्ये उतरले, तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. पैसा मोबुटूच्या झैरेचा, वेळ मात्र अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीची. पुढच्या वर्षी मनिलाला अली-फ्रेझर लढत झाली, तीही ऐन रमजानात, भर सकाळी. १९९० मध्ये टोकियो डोममध्ये बस्टर डग्लसने माइक टायसनला लोळवले ते रविवारी दुपारी, कारण अमेरिकेत शनिवारची रात्र होती.

त्याच टोकियो डोममध्ये ६ मे २०२४ रोजी जपानचा नाओया इनोउए लढला, तो रात्री. अमेरिकेत ज्याला पाहायचे होते, त्याने पहाटे उठायचे! मला हा बदल सर्वांत मोठा वाटतो. वीर घरचा आणि स्टेडियम भरणारा प्रेक्षकही घरचाच.

बारा दिवसांनी रियाधमध्ये टायसन फ्युरी आणि ओलेक्झांडर उसिक भिडले. उसिक जिंकला. आयोजन सौदीचे, खर्चही सौदीचा. रियाधकरांना रात्र जागवायची सवय आहे म्हणा. पण मुख्य लढतीची घंटा वाजली मध्यरात्र उलटल्यावर, आणि ब्रिटनमध्ये तेव्हा शनिवारची रात्र होती.