परसातील पेटीत घुबडाचा हिवाळा

अमेरिकेच्या पूर्व भागात अनेक घरांच्या परसात झाडाच्या खोडावर एक लाकडी पेटी बसवलेली दिसते. तिला समोरून जेमतेम साडेसात सेंटिमीटर व्यासाचे भोक असते. पानगळ झाली, की दुपारच्या उन्हात त्या भोकात डोळे मिटून बसलेला एक चेहरा दिसू लागतो. हे ‘ईस्टर्न स्क्रीच आऊल’. आकाराने आपल्याकडील पिंगळ्याएवढे, साधारण दीड-दोनशे ग्रॅम वजनाचे. नावात किंकाळी असली, तरी त्याचा आवाज मात्र घोड्याच्या मंद खिंकाळण्यासारखा.

हे घुबड स्थलांतर करीत नाही आणि स्वतः घरटेही बांधत नाही. जुनी झाडे तुटली की ढोल्या जातात; ती उणीव पेटी भरून काढते. वसंतात तिचा उपयोग अंड्यांसाठी होतो, हिवाळ्यात केवळ निवाऱ्यासाठी. इवल्याशा देहातील ऊब लवकर निघून जाते. म्हणूनच वाऱ्यापासून आडोसा मोलाचा ठरतो. जास्तीची शिकारही हा पक्षी ढोलीत साठवून ठेवतो.

या घुबडांत राखाडी आणि तांबूस असे दोन रंग आढळतात. उत्तर ओहायोत लॉरेल व्हॅन कॅम्प यांनी सुमारे तीन दशके पेट्यांतील घुबडांच्या नोंदी ठेवल्या. चार्ल्स हेनी यांच्यासह १९७५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. कडाक्याच्या हिमवृष्टीनंतर तांबूस पक्ष्यांचे प्रमाण घटल्याचे त्यांतून दिसले. थंडी या पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते, हाच त्याचा अर्थ.

त्यामुळे निरीक्षकाने अंतर राखणे अगत्याचे. पेटी ठोठावली वा उघडली, तर घुबड भरदिवसा बाहेर पडते. कावळे आणि नीलपंखी जे पक्षी गोंगाट करीत त्याच्या मागे लागतात आणि जपून ठेवलेली शक्ती व्यर्थ खर्च होते. खिडकीतून दुर्बिणीने पाहणे उत्तम. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात ते शिकारीला निघते. त्या वेळी विजेरीचा झोत टाकू नये. परसात उंदरांचे विषही नको, कारण विषबाधा झालेला उंदीर खाल्ल्यास घुबडही दगावू शकते. पेटीची सफाई आणि तळाशी लाकडाचा भुसा घालणे, ही कामे थंडीपूर्वीच उरकावीत.

काही दिवस पेटी रिकामी दिसली, तरी निराश होण्याचे कारण नाही. एकाच घुबडाचे विसाव्याचे अनेक ठिकाण असतात. पेटीला धक्का लागला नसेल, तर ते पुन्हा तेथे परतण्याची शक्यता असते.