किहीमची सुगरण, भायखळ्याचा तुरुंग आणि सातवीचा वर्ग

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मराठी शाळेत विज्ञान शिकलेल्या कुणालाही ही पाच शीर्षकं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. मी सव्वीस वर्षं पाचवी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवलं आणि त्यातली पहिली दहा वर्षं याच शीर्षकांखाली प्रयोगवह्या तपासल्या. एका सोमवारी सातवीतल्या एका मुलीची वही हातात आली. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवण्याचा प्रयोग होता. निरीक्षण लिहिलेलं, अनुमान लिहिलेलं, आकृतीला पेन्सिलीने सुबक छटा दिलेली. प्रयोग मात्र गुरुवारी व्हायचा होता. विचारलं तर सरळ म्हणाली, “बाई, गुरुवारी घाई होते, म्हणून गाईडमधून आधीच लिहून ठेवलं.”

रागवायला तोंड उघडलं आणि मी थांबले. तिने आमच्या शिकवण्याचा अगदी बरोबर अर्थ लावला होता. ज्याचं उत्तर छापून आलेलं आहे, ते करून बघायचं कशाला? आम्ही ज्याला प्रयोग म्हणत होतो, ते प्रात्यक्षिक होतं. प्रात्यक्षिक हवंच, भांडी हाताळायला, मोजमाप घ्यायला मुलं त्यातूनच शिकतात. पण उत्तर माहीत नसताना ते शोधायला निघणं ही वेगळी गोष्ट आहे. ती अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिकवता येते, हे त्या सोमवारनंतर मी हळूहळू शिकले.

शोध घेण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात: वर्णनात्मक, तुलनात्मक आणि प्रायोगिक. नावं जड आहेत. आमच्या वर्गात ती ‘बघायचं’, ‘ताडून बघायचं’ आणि ‘बदलून बघायचं’ अशी झाली. कुठला प्रकार वापरायचा हे प्रश्नावर ठरतं, सरांच्या मर्जीवर किंवा प्रयोगशाळेत काय शिल्लक आहे यावर ठरत नाही. मुलांना हे एकदा उमगलं की अर्धं काम होतं.

‘बघायचं’ या प्रकाराला आपण फार कमी लेखतो. नुसतं बघण्यात कसलं आलंय विज्ञान, असं मुलांनाच नव्हे, शिक्षकांनाही वाटतं. म्हणून मी सुरुवात किहीमपासून करते. 1930 साली सालिम अली जर्मनीतून पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन परतले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. पावसाळा लागला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. ना प्रयोगशाळा, ना उपकरणं. आडोसा करून ते तासन्‌तास बसत आणि कुठल्या घरट्यावर कोण आलं, काय केलं, किती वेळ थांबलं, हे लिहून ठेवत.

त्या नोंदींतून जे बाहेर आलं ते तोवर कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. घरटं विणतो तो नर. तो अर्धंच विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, अर्धवट घरटी पारखतात, एखादी मादी त्यातलं एक पसंत करते आणि तिथेच राहते. नर ते घरटं पुरं करतो, मादी अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत न पडलेली घरटी तशीच अर्धी लोंबकळत राहतात. 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. सालिम अलींनी त्या पक्ष्यांत काहीही बदललं नव्हतं. अमुकच घडेल असा अंदाज बांधूनही ते बसले नव्हते. त्यांचा प्रश्न एवढाच होता: इथे काय चाललं आहे?

हे सांगितलं की वर्गात हमखास एक हात वर होतो. बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण तर आई आहे, मग खोपा बाबा कसा विणतो? मला हा प्रश्न फार आवडतो. कवितेतली आई आपल्या जागी खरी आहे. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेल्या घरट्यात काय चाललंय, ते मात्र तिथे जाऊन बघावं लागतं. एका पावसाळ्यात सहावीतली पाच मुलं रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास अशा एका विहिरीपासून लांब बसली. पहिल्या दिवशीच्या वहीत लिहिलं होतं, “पक्षी छान आहे. घरटं सुंदर आहे.” दहाव्या दिवशीच्या वहीत होतं, “पिवळ्या डोक्याचा पक्षी 30 मिनिटांत 14 वेळा पातं घेऊन आला. पातं लांब होतं. तपकिरी पक्षी दोनदा आला, आत गेला नाही.” छान आणि सुंदर हे शब्द कुणी खोडायला सांगितले नव्हते, ते आपोआप गळाले. वर्णनात्मक शोध शिकवायचा म्हणजे एवढंच शिकवायचं: किती, कधी, कुठे, कोण. आणि जे दिसलं नाही ते लिहायचं नाही.

‘ताडून बघायचं’ हा प्रकार आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर आपणहून आला. शाळेच्या एका बाजूचे वर्ग कौलारू, दुसऱ्या बाजूचे पत्र्याचे. सातवी ‘ब’ पत्र्याखाली बसे. त्यांची तक्रार नेहमीचीच होती: “बाई, आमच्याच वर्गात जास्त उकडतं.” मी म्हटलं, दाखवा. दोन सारखे थर्मामीटर घेतले, ते आधी एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून सारखे दाखवतात ना हे पाहिलं, आणि रोज दुपारी एक वाजता दोन्ही वर्गांत, भिंतीपासून दूर, बाकाच्या उंचीवर तापमान घ्यायला सुरुवात केली. आठवडाभराच्या नोंदींत पत्र्याचा वर्ग रोज वरचढ निघाला.

सातवी ‘ब’ विजयी मुद्रेने बसली असताना कौलारू वर्गातला एक मुलगा उठला. “पण बाई, तुमच्या वर्गात पोरंच किती आहेत! आमच्यापेक्षा पंधरा जास्त.” त्या दिवशीचा तास मी विसरणार नाही. माणसांच्या अंगाची उष्णता, पश्चिमेची खिडकी, एका वर्गाचा बंद पंखा, मुलांनी फळा भरून टाकला. दोन गोष्टींत फरक आहे हे ताडून बघण्यातून कळतं. तो कशामुळे आहे हे तेवढ्याने कळत नाही, कारण त्या दोन गोष्टींत एकच फरक क्वचितच असतो. पंधरा मुलांचा मुद्दा निकालात काढायला मुलांनी रविवारी शिपाईमामांकडून किल्ल्या घेतल्या आणि रिकाम्या वर्गांचं तापमान मोजलं. तरीही पत्राच जास्त तापलेला. खिडकीचं मात्र काही करता येईना. शाळा उचलून फिरवता येत नाही.

तिथून पुढचा रस्ता एका मुलीनेच काढला. पुठ्ठ्याचे दोन सारखे खोके, वर सारख्या मापाचे पत्र्याचे तुकडे, एका पत्र्याला चुना फासलेला, दुसरा तसाच. दोन्ही खोके मैदानात शेजारी शेजारी, एकाच उन्हात. आता प्रश्न बदलला होता. ‘पत्र्याखाली जास्त उकडतं का’ याच्या जागी ‘पत्र्याला चुना लावला तर आतलं तापमान कमी होतं का’ हा प्रश्न आला आणि त्याबरोबर शोधाचा प्रकारही बदलला. ताडून बघण्यातून मुलं बदलून बघण्याकडे आली होती. चुन्याचा खोका थंड निघाला. पांढरा पृष्ठभाग बराचसा सूर्यप्रकाश परतवून लावतो.

ताडून बघण्याचं आपल्याकडचं एक मोठं उदाहरण मी आठवीला आवर्जून सांगते. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या तयार केल्या, त्या एकत्र मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ठरवलं असतं तर जेवढी बरोबर आली असती, त्याहून त्यांची उत्तरं सरस नव्हती. 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

इथे थांबून मी प्रत्येकाला एक नाणं 40 वेळा उडवायला लावते. छापा बरोबर 20 वेळा येणारी मुलं थोडीच असतात. कुणाचे 17, कुणाचे 23, एखाद्याचे 26. मग ज्याला 40 पैकी 23 ओळखता आले, त्याला विद्या येते म्हणायचं का? हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, कारण तेवीस छापे आलेला मुलगा शेजारीच बसलेला असतो. कुंडली बदलता येत नाही, मुलांची बुद्धीही बदलता येत नाही, म्हणून हा प्रयोग नव्हे. असलेले दोन गट घेऊन केलेली ही पडताळणी आहे आणि योजना काटेकोर असली की अशा प्रश्नासाठी तिचं वजन प्रयोगाहून कमी नसतं.

बदलून बघण्याची गोष्ट भायखळ्याची. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही. अन्न तेच, पाणी तेच, बराकी त्याच. लस न घेतलेल्यांत आजारी पडणारे आणि दगावणारे जास्त निघाले. पुढे परळला जी संस्था उभी राहिली तिला 1925 पासून हाफकिन यांचं नाव आहे.

एवढं सांगून मी विचारते, यात काही खटकतं का? पहिल्यांदा कुणाला काही सुचत नाही. मग कुणीतरी म्हणतं, लस घ्यायला जे स्वतःहून पुढे आले ते आधीच धडधाकट असतील तर? तेरा वर्षांच्या मुलाला हे सुचतं तेव्हा मला धन्य वाटतं. हाफकिन यांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, ही रीत वैद्यकात पुढे रुळली, ती याच शंकेपोटी.

मुगाचा प्रयोग सगळ्या शाळांत होतो. आमच्याकडे एका गटाने एक वाटी खिडकीत ठेवली, दुसरी कपाटात. खिडकीतल्या वाटीला जाता-येता पाणी घातलं गेलं, कपाटातली विसरली गेली. मूग कशामुळे उगवले, उजेडाने की पाण्याने? मुलं गप्प. त्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात तीन ओळी कायमच्या लिहिल्या: बदलायचं काय? मोजायचं काय? तसंच ठेवायचं काय? ‘स्वतंत्र चल’ आणि ‘अवलंबी चल’ हे शब्द परीक्षेपुरते नंतर आले आणि विनासायास आले. दुसऱ्यांदा दोन्ही वाट्यांना मोजून सारखंच पाणी घातलं. कपाटातल्या मुगालाही मोड आले. मोड यायला उजेड लागत नाही, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. ज्यांचा अंदाज चुकला त्यांनी तो खोडून बरोबर करायला रबर काढला, तो मी काढून घेतला. चुकलेला अंदाज वहीत राहिलाच पाहिजे.

वेळ मिळत नाही, पोर्शन संपत नाही, परीक्षेत हे विचारत नाहीत, असं माझे सहकारी म्हणत. तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण वाट काढणारे होते. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 माध्यमिक-पूर्व शाळांत एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सहावी ते आठवीचं विज्ञान मुलांच्या हातून करून घ्यायचं ठरवलं. पुढे 1982 पासून ‘एकलव्य’ने ते काम वाढवलं. मुलं चौघांच्या टोळीत प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक सोबत नेत, आणि मनात आलेले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्राने विचारत. त्या पत्रांना उत्तरं जात. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून शिकवणारे अरविंद गुप्ता याच वातावरणात घडले. नंतर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी अनेक वर्षं मुलांसाठी काम केलं. होशंगाबादचा उपक्रम 2002 मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षं सरकारी, खेड्यापाड्यांतल्या शाळांत जे चाललं, ते आपल्याकडे अशक्य आहे हे मी मान्य करणार नाही.

विज्ञान प्रदर्शनांबद्दलही स्पष्ट लिहिते. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी आणि सिरिंजवर चालणारा जेसीबी यांत कारागिरी असते, तिचं कौतुक व्हावं. पण परीक्षकांनी प्रत्येक टेबलापाशी मुलांना एक प्रश्न विचारावा: तुम्हाला काय माहीत नव्हतं, जे यातून कळलं? याचं उत्तर देणाऱ्या मुलाच्या टेबलावर रंगीत थर्माकोल नसला तरी चालेल.

दिवाळीच्या सुट्टीत एक करून बघा. घरात पाचवी ते आठवीतलं मूल असेल तर एका संध्याकाळी तीन सारख्या पणत्या घ्या. मोठ्या माणसाने शेजारी बसावं. तिन्हींत एकाच कापसाच्या सारख्या वाती, चमच्याने मोजून तेवढंच तेल, फक्त तेलाचा प्रकार वेगळा. एकीत शेंगदाण्याचं, दुसरीत तिळाचं, तिसरीत खोबरेल. वारा लागणार नाही अशा जागी ठेवा आणि कोणती किती मिनिटं जळते ते मुलाला घड्याळ लावून मोजू द्या. दुसऱ्या दिवशी पणत्यांची जागा बदलून पुन्हा करा. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका, आणि मोबाइलवर शोधू देऊ नका. आपला अंदाज त्याने आधी वहीत लिहावा, मगच काडी ओढा.