चित्रकला येत नसताना वेबसाइटचे रंग कसे निवडावेत?

घरात किंवा मंडळात एखादा मुलगा इंजिनिअर झाला की त्याला एक वाक्य ऐकावं लागतंच: "अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? मग आपली वेबसाइट करून दे की!" तुम्ही बँकेचं सॉफ्टवेअर लिहिता की सर्व्हर सांभाळता, याच्याशी विचारणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. कधी काकूंच्या मसाल्यांची साइट असते, कधी चुलतभावाच्या क्लासची, कधी गणेशोत्सवातल्या स्पर्धांच्या नोंदणीचं पान. कोड लिहिणं जमतं, फोटो मिळतात, मजकूर कुणीतरी पाठवतं. गाडी अडते ती रंगांपाशी. रंग निवडायच्या खिडकीत २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग आपली वाट बघत असतात आणि आपली चित्रकला तर आठवीतच सुटलेली असते.

मग दोनपैकी एक काहीतरी होतं. एक तर लाल शीर्षक, पिवळी पट्टी, हिरवं बटण आणि निळी किनार असं सगळं एका पानावर येतं आणि वेबसाइटची लग्नपत्रिका होते. नाही तर माणूस इतका घाबरतो की पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ठेवून मोकळा होतो आणि त्याला 'क्लीन लुक' म्हणतो. माझ्या मते या दोघांत दुसरा प्रकार जास्त वाईट. पहिला निदान वाचता तरी येतो.

चांगला डिझायनर परवडत असेल तर जरूर घ्यावा, त्याचं काम वेगळ्याच पातळीवरचं असतं. पण मंडळाच्या साइटला तेवढं बजेट नसतं. तिथे जे लागतं त्यातला मोठा भाग कलेचा नसून मोजमापाचा आणि हात आखडता घेण्याचा असतो. ही दोन्ही कामं आपल्याला जमण्यासारखी आहेत.

हात आखडता घेणं म्हणजे काय, ते बघायला इंदूरकरांना लांब जायला नको. महेश्वर आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले आणि त्या मागांवरची साडी आज आपल्या प्रत्येक कपाटात आहे. आईची एखादी माहेश्वरी उलगडून नीट बघा. अंग एका शांत रंगाचं, फार तर बारीक रेघा किंवा चौकडी. काठ दुसऱ्या, ठसठशीत रंगाचा. आणि जरीचं काम अगदी मोजकं. घरसजावटीचं काम करणारे लोक ६०-३०-१० असं प्रमाण सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा, दहा टक्के चमकणारा. विणकराला हे कुणी आकड्यांत सांगितलेलं नसतं, पण साडी साधारण तशीच असते.

वेबसाइटवर अंग म्हणजे पानाची पार्श्वभूमी, काठ म्हणजे वरची पट्टी, मेनू आणि मथळे. जरीचा रंग फक्त जिथे बोट ठेवायचं तिथे, म्हणजे बटणं आणि दुवे. तोच रंग तुम्ही शोभेच्या चौकटीला आणि तळटीपेलाही दिलात, तर वाचणाऱ्याला कुठे दाबायचं ते कळेनासं होतं. मी तर मंडळाच्या पानाला रंग सुचवताना सरळ साडीचाच फोटो काढायला सांगतो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढायचा. फक्त एक अडचण येते. धागा चमकतो, त्यामुळे फोटोत टिचकी मारून रंग उचलला तर दर ठिकाणी वेगळाच येतो. अशा वेळी फोटो अगदी वीस-पंचवीस टिंबांइतका लहान करायचा. सगळे रंग आपोआप मिसळून सरासरी रंग उरतो, तो घ्यायचा.

आणि हो, रंगांच्या नावांसाठी आई-मावशीला विचारा. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, मोरपंखी, शेवाळी, विटकरी, श्रीखंडी, अबोली... साडीच्या दुकानात दहा मिनिटं बसलेल्या बाईकडे रंगांचे जेवढे शब्द असतात, तेवढे आमच्या अख्ख्या ऑफिसात नाहीत.

आता मोजमापाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

कॉम्प्युटरमध्ये रंग तीन आकड्यांनी लिहितात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५. पण माणसाच्या डोळ्याला हे तिन्ही सारखे उजळ वाटत नाहीत. उजळपणा काढण्याच्या प्रचलित सूत्रात हिरव्याला साधारण ७१ टक्के वजन आहे, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७. म्हणून शुद्ध पिवळा (लाल आणि हिरवा मिळून) पांढऱ्यावर जवळजवळ नाहीसा होतो आणि शुद्ध निळा मात्र ठळक दिसतो. दोन रंगांच्या उजळपणाची तुलना करून एक गुणोत्तर काढतात. पांढऱ्यावर काळा म्हणजे २१, ही कमाल. एकाच रंगावर तोच रंग म्हणजे १. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २००८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ गुणोत्तर सांगितलं आहे.

हा आकडा हातात आला की बरेच वाद संपतात. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचं गुणोत्तर १.०७, शुद्ध निळ्याचं ८.५९. ज्याला आपण भडक म्हणतो तो शुद्ध लालसुद्धा पांढऱ्यावर ४.० वरच अडतो, म्हणजे बारीक अक्षरांसाठी नापास. हिरव्या पट्टीवर (०, १२८, ०) शुद्ध लाल अक्षरं घेतली तर १.२८. पत्रिकांमध्ये आपण ही जोडी किती हौसेने वापरतो! आणि तो 'क्लीन' फिकट राखाडी (१७०, १७०, १७०) पांढऱ्यावर फक्त २.३२. राखाडीच हवा असेल तर तिन्ही आकडे ११८ किंवा त्याखाली आणा, म्हणजे ४.५ ची रेषा ओलांडली जाते.

मंडळांचा लाडका रंग केशरी. झेंड्यासारख्या केशरी पट्टीवर (२५५, १५३, ५१) पांढरी अक्षरं ही आपल्याकडे जवळजवळ प्रथाच आहे. तिचं गुणोत्तर येतं २.१३. केशरी सोडायची गरज नाही, त्यावरची अक्षरं बदला. गडद मरून (१२८, ०, ०) अक्षरं घेतली तर ५.१४ मिळतात आणि दिसायलाही ते आपलंच वाटतं. पांढरी अक्षरंच हवी असतील तर केशरी विटकरीकडे न्या. १७९, ७१, ० हा रंग घेतला तर गुणोत्तर ५.५ च्या आसपास जातं. हे हाताने मोजायचं नाही. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये मजकुराच्या रंगावर टिचकी मारली की गुणोत्तर लिहून येतं.

एवढी मोजदाद कशासाठी, तर माझ्या मामांसाठी. वय ७४, एका डोळ्यात मोतीबिंदू. गेल्या वर्षी त्यांना एका योजनेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून स्वतःच बसले. सगळं भरलं, पण फॉर्म पुढे सरकेना. "बटणच नाहीये रे," असं फोनवर म्हणाले. बटण होतं. फिकट निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत होतं, आणि शेवटची तारीख त्याखाली राखाडीत बारीक लिहिलेली होती. मी संध्याकाळी पोचेपर्यंत मुदत टळली होती. मामांनी स्वतःलाच दोष दिला, म्हणाले, आता हे आमच्याच्याने होत नाही. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, आत कमी उजेड पोचतो. फिकट रंगांमधला फरक तिथे आधी हरवतो. यात मामांचं काहीही चुकलेलं नव्हतं.

मराठी मजकुराला तर ही काळजी जास्त घ्यावी लागते. आपल्या लिपीत वर मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, रुकार. 'चिंता' आणि 'चिता' यांत फरक आहे तो एका टिंबाचा. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार साच्यात मराठी मजकूर ओतला की अक्षरं बारीक आणि रंग फिका, दोन्ही एकदम होतं आणि पहिल्यांदा टिंबंच गायब होतात. मराठी पानावर मी मजकूर निदान १७-१८ पिक्सेलचा ठेवतो, आणि गुणोत्तर ४.५ वर न थांबता ७ च्या पुढे नेतो. फिकट श्रीखंडी पार्श्वभूमीवर (२५५, २४८, २३१) मरून मथळे १० च्या वर जातात आणि जवळजवळ काळा मजकूर (३३, ३३, ३३) १५ च्या वर. डोळ्याला पांढऱ्याची तिरीपही लागत नाही.

रंगांचं सगळ्यात उपयोगी ज्ञान मला एका रसायनशास्त्रज्ञाकडून मिळालं, हेही सांगायला हवं. फ्रान्समधले मिशेल शेव्रल हे चरबी आणि साबणावर काम करणारे गृहस्थ. १८२४ मध्ये ते पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार आली की काळा रंग नीट बसत नाही, फिका दिसतो. शेव्रल यांनी रंग तपासला तर त्यात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. त्यातून त्यांनी शेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम अभ्यासला आणि १८३९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे चित्रकारांनी तो अभ्यासला. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की, रंग निवडायच्या खिडकीतल्या चौकोनावर विश्वास ठेवू नका. पानावर, खऱ्या आकारात, खऱ्या शेजाऱ्यांसोबत ठेवून बघा. चौकोनात गडद वाटणारा रंग बारीक अक्षरांत फिका वाटतो, हे तर दरवेळी होतं.

लाल-हिरव्याचं एक वेगळं प्रकरण आहे. काही जणांना या दोन रंगांतला फरक नीट कळत नाही. याचा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत हे प्रमाण बरंच जास्त. फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनाही लाल-हिरव्याचा फरक कळत नाही. निळा आपल्याला सर्वांत चांगला दिसतो, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. बरेच जण आयुष्यभर कुणाला बोलत नाहीत, कित्येकांना स्वतःलाही ठाऊक नसतं. म्हणून फॉर्ममध्ये चुकलेल्या रकान्याला नुसती लाल किनार आणि बरोबरला हिरवी, असं करू नका. 'मोबाइल नंबर दहा आकडी हवा' असं शब्दांत लिहा, सोबत एखादं चिन्ह द्या. अशा डोळ्यांना आपलं पान कसं दिसेल, तेही क्रोममध्ये बघता येतं.

छटांवर वाद घालण्यात मात्र रात्र घालवू नका. २००९ मध्ये डग्लस बोमन या डिझायनरने गूगल सोडताना लिहिलं होतं की तिथे दोन निळ्यांपैकी एक ठरेना म्हणून ४१ छटांची चाचणी घेतली गेली. कार्यकारिणीच्या बैठकीत हा प्रकार सुरू झाला तर गणपती येऊन जातील. गुणोत्तरात बसणारे दोनच पर्याय दाखवा आणि हात वर करायला सांगा.

पान तयार झालं की ते दुपारी गच्चीवर नेऊन उन्हात फोनवर वाचून बघा. मग रात्री ब्राइटनेस अगदी कमी करून. फोनचा डार्क मोडही चालू करून बघा, कारण काळ्यावर मरून मथळे दिसतच नाहीत. तिथे तोच रंग फिका करून पुन्हा मोजावा लागतो. आणि सगळ्यात शेवटी फोन घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या हातात द्या. काहीही न सांगता विचारा, "यात शेवटची तारीख कोणती दिलीय?" उत्तर यायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर त्या ओळीचा रंग बदला.