टीबी निघाला नाही, मग पुढे?

मेहकर असो की मोताळा, खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही की पहिली शंका टीबीची येते, आणि ती रास्तच असते. घोळ होतो तो पुढे. थुंकीत जंतू सापडत नाहीत, एक्स-रेवर डाग मात्र दिसतो. मग ‘टीबीच असेल’ म्हणून गोळ्या सुरू होतात. तो डाग कर्करोगाची गाठ असेल तर तेवढे महिने ती वाढत राहते. आपल्याकडे फुप्फुसाचा कर्करोग बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात कळतो, त्याचं हे एक कारण.

लवकर कळला तर ऑपरेशनने तो बरा होऊ शकतो. 1933 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका डॉक्टरचंच अख्खं फुप्फुस काढलं. तो रुग्ण जगला. ग्रॅहम मात्र 1957 मध्ये याच रोगाने गेले, रुग्णाच्या आधी. ते सिगारेटचे शौकीन होते!

आता दुर्बिणीच्या ऑपरेशनात बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. भूल देताना दुपदरी नळी घालून आजारी बाजूचं फुप्फुस मिटवून ठेवतात. श्वास दुसऱ्यावर चालतो. छातीच्या कडेला लहान छेद घेऊन कॅमेरा आणि हत्यारं आत जातात. रक्तवाहिन्या स्टेपलरने शिवत-कापत सुट्या करतात. काढलेला भाग पिशवीत घालून तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर येतो, कारण फुप्फुस स्पंजासारखं दबतं. दुखणं कमी, घरी जाणं लवकर.

किती भाग काढायचा, हेही बदललंय. जपानमध्ये 1106 रुग्णांवर झालेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कडेची, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर पूर्ण खंडाऐवजी त्याचा एक विभाग काढूनही पाच वर्षांनी 94.3 टक्के रुग्ण हयात होते. पूर्ण खंड काढलेल्यांत 91.1 टक्के.

मलकापूर किंवा शेगावहून गाडीत बसून मुंबईचं टाटा मेमोरियल गाठता येतं. तिथे दुर्बिणीची आणि रोबोटची, दोन्ही ऑपरेशनं होतात. ‘रोबोट आहे का?’ हा प्रश्न मात्र दुय्यम. हत्यार चालवतो सर्जनच, आणि गाठ पसरली असेल तर रोबोटही हतबल.

तेव्हा बिडी ओढणाऱ्याचा खोकला टीबीच्या औषधाने ओसरत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्या. आणि जुने एक्स-रे फेकू नका. डाग नवा की जुना, हे त्यांवरूनच कळतं.